वडिलांवरच्या विटा

पहिला थर

आमच्याकडे माणसाला जमिनीत पुरत नाहीत. दोन वीत खणलं की पाणी लागतं. जमिनीवरच विटांची पेटी बांधायची, तिला चुना द्यायचा आणि दर वर्षी एक नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, तो पुन्हा द्यायचा. वडील गेले त्याला तीन वर्षं झाली तेव्हा आई चुन्याची बादली घेऊन कबरीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "थिओफिल बुटका झालाय."

पेटी वीतभर खचली होती. माझा भाऊ अल्सीद कोळंबीच्या बोटीतून विटा घेऊन आला. आईने वर एक थर रचला. शेजारची जागा तिची होती, मोकळी. तिकडे बघून ती म्हणाली, "मी येईन तेव्हा दोघं एका उंचीचे दिसायला हवेत."

चौथा थर

दफनभूमीतले ओक वाळले. तेलवाल्यांनी खणलेल्या कालव्यांतून समुद्र आत आला होता. आणि वर बांध घातल्यापासून नदीचा गाळ आमच्यापर्यंत येईना. तो येत होता तोवरच आम्ही जमीन होतो. लुइझियानाच्या नकाशात अजूनही आहोत. हिरवे.

"आई, पुढच्या वर्षी शिडी आणू का बाबांना?" अल्सीदने विचारलं.

"आण की. तुझ्या लग्नात नवरीएवढं उंच व्हायला लागली होती ना, तीच आण."

ती हसत होती. गालाला चुना लागला होता.

सातवा थर

फादर शेवटचे आले. गुडघ्यापर्यंतचे बूट घालून त्यांनी कबरींवर पवित्र पाणी शिंपडलं.

"एवढं पाणी कमी पडलं म्हणून बाटलीतून आणलंत?" आई म्हणाली.

गावात तेव्हा नऊ घरं उरली होती. दोन वर्षांनी आमचंही नव्हतं.

अकरावा थर

हा रचला नाही.

डॉक्टरांनी आईला काही महिनेच दिले होते. अल्सीदने उत्तरेला चाळीस मैलांवर, उंच जमिनीत, तिच्यासाठी जागा घेतली.

"जिथे एकाही कबरीवर ओळखीचं नाव नाही, तिथे मला टाकणार?" ती म्हणाली. "मी थिओफिलजवळ जाणार."

म्हणून आम्ही तिला बोटीत बसवून गावची दफनभूमी दाखवायला नेलं. विटा होत्याच सोबत. तिने आणायला लावल्या होत्या.

सगळीकडे कंबरभर पाणी. बाकीच्या कबरींचे माथे पाण्याच्या वर दिसत होते. काळे, शेवाळलेले. फक्त वडिलांची दिसत नव्हती. अल्सीदने पाण्यात उतरून पायाने चाचपली तेव्हा लागली.

आई दारुड्या ऑगुस्तच्या कबरीकडे बघत राहिली. वीस वर्षांत त्या कबरीला कुणी चुन्याचं बोट लावलेलं नव्हतं.

"हा वर कसा?"

अल्सीद पाण्याखाली पायाने कबर चाचपत राहिला.

"अल्सीद, मी विचारतेय."

"त्याच्यावर कुणी वजन टाकलं नाही, आई."

तिने मांडीवरची वीट खाली ठेवली. "तुला कधी कळलं?"

"चौथ्या थराला."

"मग तोंडात काय चिखल भरला होता?"

"तू वर्षातून एकदाच हसायचीस," तो म्हणाला. "हातात थापी असली की."

आईने थापी बोटीच्या तळाशी ठेवली. मग म्हणाली, "काढ त्याच्यावरच्या."

अल्सीद पहार घेऊन पाण्यात उभा राहिला. वरचे तीन थर सुटले, चौथा अर्धा. पुढचे हलेनात. चुना पाण्यात दुधासारखा पसरला. मी विटा बोटीत घेत गेले.

"आता येईल का तो वर?"

"नाही, आई."

तिने एक वीट झग्याने पुसली. "ह्या घेऊन चला. तुझ्या त्या उंच जागेत मला ह्याच लावा. आणि वर काही रचायचं नाही. दोघांनाही सांगून ठेवते."

फेब्रुवारीत ती गेली. विटा पुऱ्या पडल्या नाहीत. पायाकडची बाजू नव्या विटांची आहे.

एक नोव्हेंबरला मी चुना नेला. अल्सीदने कडेला वीत लावून मोजलं, मग दुसऱ्या बाजूने मोजलं. पेटी तसूभरही खचली नव्हती. तो गवतावर बसला आणि थापी हातात असूनही बराच वेळ उठला नाही.