उजवी नाकपुडी

डिंगू शिंकला आणि उजव्या नाकपुडीतून रक्ताचे थेंब लादीवर उडाले. भीमराजने ते ओल्या फडक्याने पुसले आणि मुलीला, तेजलला, काही सांगितलं नाही.

डिंगू नऊ वर्षांचा गावठी कुत्रा. भीमराजच्या बायकोने, कमलने, त्याला मुलुंडच्या बाजारातून भाजीच्या पिशवीत घालून आणलेलं. दोन वर्षांपूर्वी साध्या ऑपरेशनसाठी कमलला भूल दिली, आणि ती शुद्धीवर आलीच नाही.

तिसऱ्या आठवड्यात तेजलला डिंगूच्या चादरीवर डाग दिसले.

"पप्पा, हे कधीपासून?"

"उष्णता झाली असेल."

"एकाच नाकपुडीतून?"

ती दोघांना ओढतच दवाखान्यात घेऊन गेली. गोचीडतापातही नाकातून रक्त येतं, म्हणून त्याची तपासणी झाली. रक्त ठीक निघालं. मग डॉक्टर माधुरीताईंनी एक गार काच डिंगूच्या नाकासमोर धरली. डावीकडे वाफ धरली. उजवीकडे काच कोरडीच.

"इथून वाराच जात नाहीये. आत काहीतरी वाढलंय. स्कॅन करून त्याचा तुकडा तपासायला काढावा लागेल. भूल देऊन."

भीमराज उठला. "चल रे डिंगू."

"पप्पा, ऐका ना!"

तो थांबला नाही. पण आठ दिवसांत डिंगूच्या उजव्या डोळ्याखाली सूज आली. डावी नाकपुडीही चोंदू लागली. दुपारी झोपेत त्याचं तोंड मिटलं की श्वास अडायचा आणि तो धडपडत उठायचा. भीमराज शेजारी बसून त्याच्या छातीवर हात ठेवायचा. तो हात काढायचीही त्याला भीती वाटू लागली. शेवटी त्यानेच तेजलला सांगितलं, "उद्या जाऊ."

स्कॅन झाल्यावर माधुरीताईंनी भीमराजला तुकडा काढायची नळी दाखवली. नाकाच्या टोकापासून डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर मोजून तिच्यावर चिकटपट्टी लावलेली होती.

"याच्यापुढे जायचं नाही. पुढे मेंदू आहे."

त्या आत गेल्या. दार बंद झालं. तेजलने चहा आणला, तो गार झाला. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. कमलच्या वेळीही असंच शांत होतं. त्याला दार ढकलून आत घुसावंसं वाटलं. तेजलने मनगट धरून ठेवलं.

तासाभराने दार उघडलं. डिंगू टेबलावर आडवा, नाकात रक्ताळलेला कापूस, जीभ बाहेर. भीमराज जागीच थिजला.

"हाक मारा," माधुरीताई म्हणाल्या.

भीमराजने हाक मारली. मग पुन्हा मारली. डिंगूची शेपटी एकदाच, जड, हलली. भीमराज तिथेच खाली बसला आणि रडला.

सहा दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सर. मेंदूकडचं हाड अजून शाबूत होतं. किरणांचे उपचार जमले तर कदाचित एखादं वर्ष.

"आणि काही नाही केलं तर?" तेजलने विचारलं.

"थोडे महिने. त्रासाचे."

भीमराजने विचारलं, "किरणं देताना दर वेळी भूल द्यावी लागते?"

"दर वेळी."

त्याने डिंगूच्या सुजलेल्या गालावर हलकेच बोट ठेवलं. डिंगूने मान मागे घेतली नाही.

"द्या," तो म्हणाला. "पण तो डोळे मिटेपर्यंत मला आत थांबू द्या."