घारकाका उतरतात

"काका, लोड झुलतोय. काका, ऐकू येतंय ना?"

वॉकीटॉकीतून खालच्या बाईचा आवाज आला तेव्हा सळ्यांची जुडी हुकाला लटकून डोलत होती. आणि वर क्रेनच्या केबिनमध्ये घारकाका दोन्ही दांडे घट्ट धरून, डोळे मिटून, पोटातली कळ ओसरायची वाट बघत होते.

"येतंय," ते म्हणाले. "वारा आहे."

"खाली तर पानही हलत नाहीये."

"वर आहे."

वर कसला आलाय वारा! पण घारकाकांचा लोड झुलतो, हे साइटवर कुणी पाहिलेलंच नव्हतं. या माणसाने काचा उचलल्या तर त्या नुसत्या जागा बदलतात, असं गवंडी म्हणायचे. सकाळी एकदा क्रेनची शिडी चढले की काका दिवेलागणीलाच उतरत, म्हणून ते घारकाका. खरं नाव पगाराच्या कारकुनाला ठाऊक असेल, तर असेल.

खालची बाई म्हणजे जमिनीवर उभी राहून क्रेनला दिशा दाखवणारी. डावीकडे, हळू, अजून हळू, बस. वर्षानुवर्षं दोघांचं दिवसभर बोलणं चाले, पण सगळं त्या डबड्यातून. समोरासमोर आले की ती नुसती मान हलवी आणि तेही हलवत. समोर काय बोलायचं ते दोघांनाही सुचत नसे.

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. या दुखण्याला ती म्हण ठाऊक नसावी. ते मुंगीच्याच पावलांनी परत आलं. आधी जेवण नकोसं झालं, मग कंबरेचा पट्टा एक भोक आत गेला, मग पहाटेची धावाधाव सुरू झाली. काकांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं, पण ओळख दाखवली नाही. तरुणपणी या क्रोन्स नावाच्या आजाराने त्यांना वर्षभर अंथरुणाला खिळवलं होतं. आपलंच शरीर आपल्या आतड्यावर उठतं, असं तेव्हा डॉक्टरांनी समजावलं होतं. त्यानंतर मात्र इतकी वर्षं ते दुखणं गप्प राहिलं, की बायकोही ते विसरून गेली आणि विसरलेल्या सुखातच ती वारली. काकांच्या त्या आजारपणात तिला काही सांगावं लागत नसे. नळाचा आवाज ऐकूनच ती टॉवेल घेऊन दाराशी उभी राही.

काकांनी या वेळी ताईला फोन केला होता.

"अरे, पण ते बरं झालं होतं ना?"

"झोपलं होतं, ताई."

"बाहेरचं खात असशील. एकटा माणूस, कोण सांगणार तुला! मी म्हणत होते, माझ्याकडे येऊन राहा म्हणून."

"डॉक्टर म्हणतात, कुणाची चूक नसते यात."

"डॉक्टरांना काय जातंय म्हणायला!"

फोन ठेवल्यावर काकांच्या मनात आलं, चूक असती तर सुधारता तरी आली असती. औषध लागू पडायला वेळ लागेल, तोवर विश्रांती घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण आजारी माणसाने शिडी चढायची नाही, हा साइटचा नियम होता. या वयात एकदा खाली उतरवलं की परत वर कोण पाठवतंय? आणि खाली होतं काय त्यांचं? दोन खोल्या आणि बंद पडलेलं घड्याळ. म्हणून त्यांनी साधा हिशेब केला. पोटात काही गेलंच नाही, तर बाहेर काय येणार? गेले काही दिवस ते पाण्याच्या घोटावर वर चढत होते. तरीही मधेच उतरावं लागे. एकदा चष्मा विसरला, एकदा बॅटरी संपली. थापाही आता संपत आल्या होत्या.

"काका, खाली माणसं आहेत," बाई म्हणाली. आवाजात धार होती. "खरं सांगा."

काकांनी डोळे उघडले. जुडीच्या खाली पिवळ्या टोप्या दिसल्या आणि त्या टोप्यांभोवती काळोख गोळा होऊ लागला. कळ मागे राहिली, ते घाबरले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपल्याच हातांना घाबरले.

चॅनेल सगळ्या साइटला एकच. गवंडी, सुपरवायझर, सिमेंटच्या गाडीचा ड्रायव्हर, सगळे ऐकत असणार. काकांनी बटण दाबलं.

"माणसं बाजूला घे. लोड खाली ठेवतो. मला आतड्याचा जुना आजार आहे, तो परत आलाय. डोळ्यांपुढे अंधारी येतेय. दुसरा ऑपरेटर बघा." मग थांबून म्हणाले, "आणि मला संडासला जायचंय. घाई आहे."

कुणीतरी फिस्सकन हसलं. लगेच बाईचा आवाज आला, "चॅनेल मोकळा ठेवा. काका, सावकाश. उजवीकडे. हळू. अजून हळू. बस."

जुडी लाकडी ठोकळ्यांवर टेकली. आवाजही झाला नाही.

मग शिडी. प्रत्येक टप्प्यावर थांबावं लागत होतं, आणि अर्ध्यावर जे व्हायला नको होतं ते झालं. गरम ओल मांडीवरून पोटरीपर्यंत गेली. काका दांड्याला कपाळ टेकून उभे राहिले. मरण आलं असतं तर बरं, असं त्यांना अगदी सरळ वाटलं. खाली अख्खी साइट माना वर करून बघत असणार. पण वरही जाता येईना, आणि शिडीवर जन्म काढता येत नाही. ते उतरत राहिले.

शेवटच्या पायरीवर त्यांनी मान वळवली. आवारात कुणीही नव्हतं. थापी पडलेली, घमेली पडलेली, मिक्सर बंद. माणसांचा गलका इमारतीच्या पलीकडून येत होता. संडासापर्यंतची वाट मोकळी होती. दार विटेने उघडं ठेवलं होतं, आत भरलेली बादली होती आणि कडीला कुणाची तरी धुतलेली पँट अडकवली होती. बाई फाटकापाशी पाठमोरी उभी होती. म्हणजे तिने पाहिलं होतं.

बऱ्याच वेळाने काका बाहेर आले. पँट लांब होत होती, त्यांनी ती खाली दुमडली होती.

"झालं, काका?" मागे न वळता तिने विचारलं. "बोलावू सगळ्यांना?"

काही बोलावं असं त्यांना फार वाटलं. वॉकीटॉकी असती तर बोललेही असते. ती वरच राहिली होती.

"जरा थांब," ते म्हणाले.

ते विटांच्या थरावर बसले. ती तशीच पाठमोरी उभी राहिली. मग काका उठले, शर्ट नीट खोचला, केसांवरून ओला हात फिरवला.

"हं," ते म्हणाले. "आता बोलाव."