दर पाच मिनिटांनी शहाण्णव

दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मी पगार घेते. छापखान्यात मुद्रितं तपासते. माझ्या नजरेतून एक वेलांटी सुटत नाही, असा माझा तोरा होता.

बाबांची फुप्फुसं अधू झाल्यापासून त्यांच्या नाकाला ऑक्सिजनची नळी असते. घरात आम्ही दोघंच, आणि माझी रजा रविवारी संपत होती. म्हणून जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी मी लिनक्स टाकलं आणि बाबांच्या बोटाला लावायचा चिमटा त्याला जोडला. रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा दर पाच मिनिटांनी माझ्या फोनवर यायचा. नव्वदच्या खाली गेला की धावत सुटायचं. पण ऐन शनिवारी लॅपटॉपचं वायफाय कार्ड मेलं.

नवं आणलं. लिनक्सने ओळखसुद्धा दाखवली नाही. मग इंटरनेटवर लोकांनी तोंड भरून वाखाणलेलं आणलं, तरी नन्नाचा पाढा.

दुकानदार हसला. "ताई, खोक्यावरचं नाव काय बघता? नाव तेच ठेवतात आणि आतली चिप बदलतात. चिप कुठली ते विचारा."

रविवारी दुपारी चिप विचारून आणलेलं तिसरं कार्ड बसवलं. हे चाललं नाही तर उद्या बाबा एकटे, आणि मला काहीच कळणार नाही. बाबांचा डोळा लागला होता. चाचणीपुरतं त्यांना कशाला उठवा, म्हणून प्रोग्रॅममध्ये चिमट्याच्या आकड्याऐवजी मीच शहाण्णव लिहिलं. फोन वाजला. शहाण्णव! जीव भांड्यात पडला. मी लॅपटॉप मिटला आणि भाजी चिरायला घेतली.

सोमवारी निघताना लॅपटॉप चालू केला आणि बाबांच्या बोटाला चिमटा लावला. "काही झालं तर मला लगेच दिसेल. घाबरायचं नाही."

"मी कुठे घाबरतोय? घाबरट तू," बाबा म्हणाले.

नऊपासून फोन इमानेइतबारे वाजत होता. दर वेळी हातातलं मुद्रित टाकून बघायचे, शहाण्णव. अकराला चहा घेताना मी सगळे आकडे एकाखाली एक पाहिले. शहाण्णव, शहाण्णव, शहाण्णव. जित्या माणसाचा आकडा असा नसतो. बाबा नुसते खोकले तरी दोन-तीनने हलतो.

माझी पाचावर धारण बसली. ते शहाण्णव माझं होतं. कार्ड चाललं या आनंदात मी ते पुसलंच नव्हतं.

बाबांना फोन लावला. नुसता वाजत राहिला. शेजारच्या काकूंकडे आमची किल्ली असते. त्यांना कसंबसं सांगितलं आणि पर्स तिथेच टाकून पळाले. रस्ताभर फोन वाजला. शहाण्णव. तो फोन रस्त्यावर आपटावासा वाटला.

बाबा पलंगाशेजारी जमिनीवर होते. ओठ निळसर. उतरताना पाय अडकून नळी निसटली होती. काकूंनी ती परत नाकाला लावून हाताने धरली होती आणि अॅम्ब्युलन्स बोलावली होती. मी बाबांचा हात हातात घेतला. गार होता. चिमटा अजून बोटावर होता.

"पडल्या पडल्या काकूंना हाक का नाही मारलीत, बाबा?" मी जवळजवळ ओरडलेच.

ते थांबत थांबत बोलले, "मारणार होतो. मग म्हटलं, कशाला... तुला दिसतंयच. निघाली असशील."