साफ खोटं

लसीच्या बाटलीवर एक जांभळं वर्तुळ असतं आणि त्याच्या आत एक छोटा चौकोन. चौकोन वर्तुळापेक्षा फिका आहे तोवर लस चांगली. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो, आणि दोघांचा रंग एक झाला की बाटली टाकून द्यायची. नर्सबाई प्रत्येक बाटली उजेडाकडे धरून हे बघायची. एकवीस वर्षांत तिने एकदाही न बघता सुई भरली नव्हती.

त्या सकाळी भावाच्या शेताकडे निघण्याआधी तिने बर्फाच्या डब्यातल्या चारही बाटल्या बघितल्या. चौकोन फिके होते. डब्याचा पट्टा खांद्यावर टाकून ती उतरणीला लागली. नांगरलेल्या रानातली ढेकळं तापून पांढुरकी पडली होती, आणि वारा असा सुटला होता की तोंड उघडलं तर दातांत माती यावी.

बडबडी जाऊन बारा दिवस झाले होते.

भावाची ती धाकटी पोर, चार वर्षांची. जागी असेपर्यंत तोंडाला खळ नाही, म्हणून सगळे तिला बडबडीच म्हणायचे. "आत्या, डब्यातल्या औषधाला थंडी नाही का गं वाजत?" असं ती एकदा विचारून गेली होती. घशाचा ताप आला तेव्हा आधी तिचा आवाज गेला. दुसऱ्या दिवशी ती हातांनी बोलत होती. तिसऱ्या दिवशी हातही थांबले.

आता गावात आणखी तीन घरांत ताप होता. आणि भावाच्या नऊ वर्षांच्या थोरलीला अजून लस दिलेली नव्हती.

भाऊ शेडमध्ये कांदे निवडत बसला होता. वहिनी त्याच्या समोर, विळ्यावर पाती कापत. नर्सबाई आली तसे दोघांचेही हात थांबले नाहीत. थोरली दारातल्या पोत्यावर बसून होती, तिने मात्र डब्याकडे बघितलं आणि पाय पोटाशी घेतले.

"दादा," नर्सबाई म्हणाली.

"बस," तो म्हणाला. वर बघितलं नाही. त्याचा वरचा ओठ उघडा होता, गुळगुळीत. चार महिने झाले तरी तिला त्या ओठाकडे बघवत नव्हतं.

त्याची मिशी गेली होती तिच्या एका वाक्यापायी.

उन्हाळ्यात दळणाच्या रांगेत गिरणीवाल्याने पेपर वाचून दाखवला होता. घशाच्या तापावरची नवी लस सरकारच्या आरोग्य खात्याने शोधली आणि तिचं पेटंटही खात्याच्याच नावावर आहे; कुठल्याही कंपनीने ती बनवली की खात्याला वाटा मिळतो.

"म्हणजे बघा," गिरणीवाला पट्टा थांबवून म्हणाला, "घ्या म्हणणारे तेच, चांगली आहे म्हणून शिक्का मारणारे तेच आणि वाटा घेणारेही तेच. अरे, माझ्या वजनकाट्याला तरी बाहेरचा माणूस तपासायला येतो की नाही?"

"नर्सबाई, तुमचा वाटा केवढा हो?" रांगेतून कुणीतरी विचारलं. पिठाने पांढरे झालेले सगळे चेहरे हसले.

नर्सबाईने तिथूनच मोठ्या दवाखान्यात फोन लावला. तिथले साहेब आधी गप्प राहिले, मग म्हणाले, "असलं काही नाही. खोटं आहे म्हणून सांगून टाका." ते गप्प राहणं तिला ऐकू आलं होतं. तरी फोन ठेवून ती म्हणाली, "साफ खोटं आहे."

तेव्हा भावाने पिठाचा डबा खाली ठेवला. "ऐकलंत? माझी बहीण आहे ती. हिला मी सायकलवर बसवून शाळेत नेलंय रोज, चिखलात, पावसात. खोटं बोलायची नाही ती. पेपरातलं खरं निघालं तर मिशी काढून गावभर फिरेन."

"बघ हं! सगळे साक्षीला आहोत."

"राहा की."

पंधरा दिवसांत खात्याचंच पत्रक आलं. होय, पेटंट आमच्याकडे आहे. कंपन्यांनी मनाला येईल तो भाव लावू नये म्हणून ते आम्ही ठेवलं आहे. पहिलं वाक्य गावाने तोंडपाठ केलं, दुसरं कुणी वाचलंच नाही. भाऊ न्हाव्याकडे गेला. "जाऊ दे रे, चेष्टेतली गोष्ट," न्हावी म्हणाला. "काढ," भाऊ म्हणाला. मग तो गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला, मान खाली न घालता. पोरं मागून टाळ्या पिटत होती. घरी आल्यावर तो बायकोला एवढंच म्हणाला, "आपल्या घरात ती सुई नको."

नर्सबाईने त्याच संध्याकाळी जायला हवं होतं. मी विचारलं होतं, मला नीट उत्तर मिळालं नव्हतं, एवढंच सांगायचं होतं. पण तिला वाटलं, राग निवळू दे. पुढे तिने तीनदा लसीचं विचारलं, तीनदा तो म्हणाला, "बघू." चौथ्यांदा विचारायच्या आत ताप गावात शिरला.

"थोरलीला लस द्यायला हवी," ती आता म्हणाली. "अंगात भिनायला पंधरा दिवस लागतात. उशीर करून चालणार नाही."

भावाने एक कांदा दाबून बघितला, बाजूला टाकला. "बघू."

"आता नको रे बघू म्हणूस."

"मग काय म्हणू? तू सांग. तू म्हणशील ते मी म्हणतो, सगळ्या गावाला माहिताय."

वहिनीचा विळा क्षणभर थांबला.

नर्सबाईने डबा जमिनीवर ठेवला. "दादा, गिरणीवर मी बोलले ना, ते मला माहीत नव्हतं."

"काय माहीत नव्हतं?"

"पेटंटचं. साहेब आधी गप्प राहिले होते. मला तेव्हाच शंका आली. खरं आहे हे माहीत नव्हतं, पण खोटं आहे हेही माहीत नव्हतं. आणि मी साफ खोटं म्हणाले."

आता त्याने वर बघितलं. बारा दिवसांत प्रथमच त्याचे डोळे तिच्यावर आले. लाल होते, कांद्याने म्हणावं तर कांद्याची त्याला लहानपणापासून सवय होती.

"'मला माहीत नाही' म्हणायला काय जीभ झडत होती तुझी?"

"लोक हसत होते."

"मग मला काय हार घातले त्यांनी?"

ती वाकून डब्याचा पट्टा गुंडाळू लागली.

"अगं, मिशीचं काय घेऊन बसलीस," तो म्हणाला. "मिशी गवतासारखी वाढते. मी रोज काढतो म्हणून दिसत नाही. मला वाटलं, हिला फसवलं साहेबांनी. माझ्या बहिणीलाच जे फसवतात त्यांची सुई पोरींना कशी टोचू? चार महिने मी त्यांना शिव्या देत बसलो. तू इतक्यांदा आलीस, चहा पिऊन गेलीस. एकदा तरी बोलायचंस."

वहिनीने विळा पायाखालून काढून आडवा ठेवला. पोरीला मातीआड केल्यापासून ती नणंदेशी एक अक्षर बोलली नव्हती.

"पेटंट कुणाच्या का नावावर असेना, मला काय करायचंय त्याचं," ती म्हणाली. "ती सुई दिली असती तर माझी पोर वाचली असती का, तेवढं सांगा मला."

हो म्हणणं सोपं होतं. नाही म्हणणं दयेचं झालं असतं. नर्सबाईने दोन्ही शब्द गिळले.

"दहा मुलांना लस दिली तर नऊ वाचतात, वहिनी. ती त्या नवांत असती की दहावी असती, ते मला माहीत नाही. बहुतेक वाचली असती."

वहिनीने मान हलवली. रडली नाही. हातातल्या पातीचे तिने बोटांनी बारीक बारीक तुकडे केले आणि ते मांडीवर तसेच पडू दिले.

"आणि खात्याला वाटा मिळतो, तेही खरं?" भावाने विचारलं.

"खरं."

"आणि तरी लस चांगली?"

"लस चांगली आहे. त्यांचा हिशोब बाहेरच्या कुणीतरी तपासायला हवा, गिरणीवाला बोलला ते चुकीचं नव्हतं. पण लस काम करते. हे मी माझ्या हातांनी टोचून बघितलंय, फोनवर ऐकलेलं नाही."

वाऱ्याने शेडचा पत्रा वाजला. भाऊ उठला. गुडघ्यावर हात टेकून उठला, म्हाताऱ्यासारखा. नर्सबाईने डब्याची कडी काढली, बर्फाचा गारवा तिच्या मनगटाला लागला. सुई भरायला दोन मिनिटं पुरली असती. थोरलीने बाही वर सरकवायला सुरुवातही केली होती.

भावाने थोरलीचा हात धरला आणि बाही हळूच खाली ओढली.

"शाळेत त्यांनी दुसरी नर्स बसवलीय ना, बाहेरगावची?"

"हो. या आठवड्यापुरती."

"तिच्याकडे नेतो हिला. आत्ताच. लस द्यायची आहे," तो म्हणाला. "पण तुझ्या हातून नाही."