ब्रसेल्सचा कुम

माझ्या पुतण्याचं जावळ तीन वर्षं कुणी कापलं नाही, कारण आमच्या देशाला युरोपीय संघात जायचं होतं.

हे मी माँटेनेग्रोच्या बाहेर कुणाला सांगितलं की लोक हसतात. इथे सांगितलं की विचारतात, मग शेवटी कापलं कुणी?

आमच्याकडे जावळ कुम कापतो. कुम रक्ताचा नसतो, पण एकदा त्यानं कात्री चालवली की सख्ख्या भावाहून जवळचा होतो. कुमाशी भांडायचं नाही, त्याला शिवी द्यायची नाही, त्याचं वाईट करायचं नाही. आमच्या घराचे कुम पिढ्यानपिढ्या ठरलेले, खालच्या वळणावरच्या मिलोन्याकाकांचं घर. त्याआधी दोन्ही घरं एकमेकांची माणसं मारत होती. मग कुणा शहाण्यानं एका घरचं पोर दुसऱ्या घरच्या मांडीवर बसवलं, हातात कात्री दिली, आणि तेव्हापासून आम्ही एकमेकांना गोळ्यांऐवजी बटाटे देतो.

माझे बाबा, तादिया, राजधानीत, पोद्गोरित्साला, मंत्रालयात वाटाघाटींच्या विभागात आहेत. मी तिथेच दुभाष्या. मला वशिल्यानं लावलेलं नाही हे बाबा स्वतःहून सगळ्यांना सांगत, त्यामुळे सगळ्यांना कळलं. थोरला भाऊ बोटीवर असतो, तेव्हा त्याच्या मुलाबद्दलचे निर्णय बाबाच घेतात. मुलाचं नाव वुक्सान. वहिनी त्याचे केस रबरबँडनं बांधायची आणि बाजारात बायका म्हणायच्या, किती गोड मुलगी आहे.

संघात शिरायचं तर एकेक विषयाचं प्रकरण बंद करावं लागतं, आणि त्याला प्रत्येक सदस्य देशानं मान डोलवावी लागते. युरो मात्र आम्ही केव्हापासूनच वापरतो, त्यासाठी कुणाची मान पाहिली नव्हती. आमचं एक प्रकरण एकाच देशाच्या मानेपाशी अडलं होतं. देश सपाट आणि ओलसर आहे. नाव सांगत नाही, त्यांच्या पत्रांचं भाषांतर अजून मीच करतो. संघाच्या ब्रसेल्समधल्या कचेरीतला त्यांचा माणूस म्हणजे लाम्बर्ट, उंच, सभ्य, पाणी प्यायच्या आधीच आभार मानणारा.

"याला कुम करून टाकू," बाबा एक दिवस ऑफिसात म्हणाले. "कुम काय आपल्याविरुद्ध हात वर करणार?"

"बाबा, त्यांच्याकडे कुम नसतो."

"म्हणून तर. पळवाटा त्याला माहीत नसणार."

"आणि मिलोन्याकाका?"

बाबा खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर फक्त पार्किंग होतं. "मिलोन्या समजून घेईल. देशाचा प्रश्न आहे."

रविवारी गावी गेल्यावर बाबांनी कुंपणावरूनच सांगून टाकलं. मिलोन्याकाका म्हणाले, "मी तर कात्रीला धार लावून आणली, तादिया."

"असू दे. गवताला होईल."

"बरं," काका म्हणाले.

आमच्याकडे भांडण सुरू होतं तेव्हा आवाज होतो. बरं म्हटलं की नातंच संपलेलं असतं. बाबांना वाटलं, समजून घेतलं.

लाम्बर्ट यायला मात्र तिसऱ्या वर्षीचा जून उजाडला. कात्री हातात घेऊन त्यानं मला विचारलं, "मुलाची संमती आहे का?" मी वुक्सानला विचारलं. तो बुटाची नाडी चावत होता, नाही म्हणाला. मी लाम्बर्टला सांगितलं, मोठ्या आनंदानं हो म्हणतोय.

तीन बटा कापल्या गेल्या. बाबांनी डोळे पुसले आणि कुमाचा मान म्हणून धुरावर सुकवलेली डुकराची अख्खी तंगडी टेबलावर ठेवली. लाम्बर्ट लाजला. म्हणाला, "एका ठरावीक किमतीवरची भेट मला घेता येत नाही." बाबांनी करवत आणली आणि तंगडी अर्ध्यावर कापली. लाम्बर्टनं मनात हिशोब केला आणि नकारार्थी मान हलवली. बाबांनी पुन्हा कापली. असं करत करत शेवटी नियमात बसला तो खूर. लाम्बर्टनं तो दोन्ही हातांनी घेतला.

"आता तू आमचा," बाबा म्हणाले.

"हा माझा फार मोठा सन्मान आहे," लाम्बर्ट म्हणाला. आणि खरं सांगतो, त्याचेही डोळे ओले झाले होते.

शरद ऋतूत प्रकरण मतदानाला आलं आणि बंद झालं नाही. एकाच देशाची हरकत होती. हरकतीचा कागद भाषांतरासाठी माझ्याकडे आला. बाबा माझ्या खुर्चीमागे उभे राहिले.

"वाच."

"या देशात अधिकारी परकीय प्रतिनिधींना कौटुंबिक नात्यात ओढून निर्णयांवर प्रभाव टाकतात. उदाहरणार्थ, सोबतचं छायाचित्र."

छायाचित्रात वुक्सान होता, कात्री होती, बाबा रडत होते आणि टेबलावर खूर होता.

"लिहिलंय कुणी?"

"लाम्बर्टनं."

"आणखी काही?"

"खाली टीप आहे. आदरातिथ्य उत्कृष्ट होतं."

बाबांनी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. बाबांना पाच भाषांत शिव्या येतात, युगोस्लाव्हियाच्या सैन्यात शिकलेल्या. मी तयारीत होतो.

"काय कुम," बाबा म्हणाले. "बरा आहेस ना?"

मी भाषांतर केलं. लाम्बर्टला मनापासून आनंद झाला.

"विचार त्याला, कुम असून आमच्याविरुद्ध लिहिलं?"

"कुम आहे म्हणूनच लिहावं लागलं," लाम्बर्ट म्हणाला. "गप्प बसलो असतो तर ते अप्रामाणिक ठरलं असतं. तुमच्या घरचा दिवस मी कधीच विसरणार नाही. वुक्सानला माझा पापा द्या."

बाबांचं तोंड उघडलं. पहिल्या शिवीचं पहिलं अक्षर मला त्यांच्या ओठांवर दिसलं. मग तोंड बंद झालं. कुमाला शिवी देता येत नाही.

"देतो, कुम," बाबा म्हणाले. "थंडी पडलीय, तब्येतीला जप."

त्या रविवारी मला घेऊन बाबा मिलोन्याकाकांकडे गेले. मी जन्मापासून त्या घरात स्वयंपाकघराच्या दारानं शिरत आलोय, न विचारता. काकांनी आम्हाला आवारात येताना पाहिलं, आत गेले, आणि पुढचं दार उघडलं. ते दार पाद्री आला किंवा कुणी मेलं तरच उघडतात. आम्हाला पुढच्या खोलीत बसवलं. खुर्च्यांवर अजून प्लास्टिक होतं. काकांनी काचेच्या कपाटातले सोनेरी काठाचे कप काढून कॉफी ओतली.

"घ्या, तादियासाहेब."

"साहेब काय म्हणतोस, कुम?"

"मंत्रालयातले आहात. मान नको द्यायला?"

बाबा बसल्या बसल्या खुर्चीचं प्लास्टिक वाजवत होते. "फसवलं रे त्यानं मला. कुम असून. घरात घेतला, पोराच्या डोक्याला हात लावू दिला, आणि यानं..."

"वाईट वाटतं ना?" काकांनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. दात दुखतो का असं विचारावं तसं विचारलं.

"झोप लागत नाही."

"नाही लागायची. पहिले काही महिने." काकांनी साखरेचं भांडं पुढे सरकवलं. "देशाचा प्रश्न होता म्हणालात. सुटला का?"

"नाही."

"मग कुणाचाच नाही सुटला."

बाबांनी घसा खाकरला. "थोरल्याला आणखी एक होईल. त्या पोराचं जावळ तू काप, मिलोन्या. मी शब्द देतो."

"आधी ब्रसेल्सला विचारून घ्या. त्यांना गरज लागेल कदाचित."

एवढं म्हणून काका उठले. आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आले, बाबांशी हात मिळवला, माझ्याशीही मिळवला. "या पुन्हा," म्हणाले, वीजबिलवाल्याला म्हणतात तसं. फाटकाची कडी लावून घेतली.

बाबा परतीच्या रस्त्याला लागले. चढावर दम लागला म्हणून थांबले.

"कॉफी चांगली होती," म्हणाले.

"हो."

"इतक्या वर्षांत त्याच्याकडे अशी चांगली कॉफी मी कधी प्यायलो नव्हतो. पाहुण्यांना करतो वाटतं तो अशी."