डाव्या हाताची सही

बुरुजाने मेव्हण्याला ठोसा मारला त्याला आठ दिवस झाले होते, आणि घरातला अबोलाही आठ दिवसांचाच होता. या काळात बायको त्याच्याशी जे काही बोलली ते ताट आदळून.

बुरूज हे त्याचं मैदानावरचं टोपणनाव; एरवी तो लिफ्ट दुरुस्त करणारा अडतीस वर्षांचा तापट माणूस. आठवडाभर लिफ्टच्या तारांना वंगण घालायचा आणि रविवारी फुटबॉल संघाचा गोल राखायचा. कप्तानही तोच. उपांत्य सामना त्याचा संघ तीन-दोनने जिंकला, पण समोरच्या संघाचे दोन्ही गोल मारले ते त्याच्या मेव्हण्याने, बायकोच्या धाकट्या भावाने. शिट्टी वाजली, सगळे आत आले, आणि कपडे बदलायच्या खोलीबाहेर मेव्हणा हसत म्हणाला, "जिंकलात खरे भावोजी, पण बुरुजाला दोन भगदाडं पाडलीच की!" जिंकलेल्या माणसाने हसून सोडून द्यावं ना? याने उजव्या हाताचा ठोसा हाणला. मेव्हण्याच्या ओठाला दोन टाके पडले.

आज फुटबॉल संघटनेच्या कचेरीत चौकशी होती. शिक्षा झाली तर रविवारचा अंतिम सामना हुकणार, आणि बुरुजाचे गुडघे पाहता त्याला पुढचा अंतिम सामना काही मिळणार नव्हता. संघाच्या सेक्रेटरीने त्याला जिन्यातच पढवून ठेवलं. "एकच वाक्य बोल. सामना संपला होता. नंतर झालं ते घरगुती भांडण, संघटनेचा काय संबंध?"

आत मेव्हणा आधीच साक्ष देत होता. "पाय घसरला माझा, बाई. दाराच्या कडीवर आपटलो." खोटं बोलताना त्याचे कान लाल व्हायचे, ते आत्ताही झाले होते. मागच्या बाकावर बायको भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली होती.

समितीच्या अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी चष्मा पुसला. "दोन्ही कप्तान पंचांच्या कागदावर सही करेपर्यंत सामना आमच्या ताब्यात असतो."

"सही शिट्टीनंतर लगेच झाली," सेक्रेटरी ठासून म्हणाला. "मारामारी त्यानंतरची."

बाईंनी पंचांचा कागद आणि नोंदणीचा फॉर्म शेजारीशेजारी ठेवले. फॉर्मवरची सही ठसठशीत होती, कागदावरची लंगडत गेलेली. "ही तुमचीच?"

घाईत केली, एवढं म्हटलं की सुटका होती. बुरुजाने मेव्हण्याच्या लाल कानांकडे पाहिलं. सुजल्या ओठाने तो बिचारा याच्यासाठी दाराच्या कडीवर आळ घेत होता. बुरुजाला स्वतःची लाज वाटली.

"माझीच," तो म्हणाला. "डाव्या हाताने केलेली. उजवा सुजला होता, पेन धरवेना. सही मारल्यानंतरची आहे, बाई."

सेक्रेटरीने कपाळाला हात लावला.

"आणि आधीची असती तरी काय? घरी हा मला याहून वाईट चिडवतो, मी कधी हात उगारला नाही. तिथे माझ्या दंडावर कप्तानाची पट्टी होती. त्या तोऱ्यात मारलं मी. शिक्षा द्या."

सहा सामन्यांची बंदी मिळाली. बुरुजाचा जीव भांड्यात पडला. अंतिम सामना गेल्याचं वाईट वाटलं, चांगलंच वाटलं, पण आठ दिवसांत पहिल्यांदा त्याला पोटभर श्वास घेता आला.

बाहेर पायऱ्यांवर तो मेव्हण्यासमोर उभा राहिला. "चुकलं माझं."

"सुटलो बुवा!" मेव्हणा म्हणाला. "मला धाकधूक, बाई आता कडी दाखव म्हणतात की काय. त्या दाराला कडीच नाही हो भावोजी!" हसताना टाका ओढला गेला तसा तो कळवळला. "रविवारी मोकळेच आहात आता. जेवायला या घरी."

बायको दोन पायऱ्या खाली उतरली होती. ती परत वर आली, त्याचा उजवा हात ओढून घेतला आणि अजून निळी असलेली बोटांची हाडं एकेक चाचपून पाहिली.

"येतो आम्ही," ती भावाला म्हणाली.

बुरुजाचे डोळे भरून आले. उजवा हात तिने सोडला नव्हता, म्हणून त्याने ते डाव्या हाताने पुसले.