त्र्याऐंशी की अठ्ठ्याऐंशी

अंबिकाची पिकअप दिसली की निलंग्यात माणसं थांबून बघायची. मागच्या हौद्यात लाकडी घाणा बसवलेला आणि तो फिरवायला गिअरबॉक्समधून शाफ्ट काढलेला. गावात जायचं, गाडी झाडाखाली उभी करायची, इंजिन चालू ठेवायचं आणि ज्याची करडई त्याला डोळ्यांसमोर तेल काढून द्यायचं. नवरा शेती बघायचा, गाडी आणि घाणा अंबिका.

उभ्या गाडीच्या इंजिनाला वारा लागत नाही. फेब्रुवारीत एका दुपारी पाणी आटलं, इंजिन तापलं आणि घाण्यासकट जाम झालं. गाडी ओढत महादेवप्पाच्या गॅरेजला आणली. तीस वर्षं तो डिझेल इंजिनं बांधत आला होता. त्यानं सगळं उकललं, नवे पिस्टन घातले, क्रँकचा दांडा घासून आणला आणि बाराव्या दिवशी गाडी सुरू करून दिली. हातानं फिरवताना क्रँक जरा जड लागला होता. नव्या रिंगा आहेत, सैलावेल, असं तो तेव्हा स्वतःशीच म्हणाला.

अंबिका दुसऱ्या दिवशी पहाटेच हदगावकडे निघून गेली. तिकडच्या एका खेड्यातल्या बायांनी तिला आठवडाभरासाठी बोलावलं होतं.

त्यानंतरच्या सकाळची गोष्ट. महादेवप्पा एका पंपाचं काम करत होता. दुकानातून मागवलेला ऑइल सील बसेना. त्यानं जुना सील उन्हात धरला. त्यावरचा आकडा अडतीसच होता. मग नवा का बसत नाही?

त्याची बायको नीलम्मा चहा घेऊन आली होती. ती वाकून म्हणाली, "आवो, तेहेतीस हाय की ह्यो."

"अडतीस हाय."

"तेहेतीस. दोन तीनं हायेत शेजारी-शेजारी."

"तेल लागलंय त्याला," महादेवप्पा म्हणाला. त्यानं सील लुंगीला पुसला, पुन्हा धरला. अडतीस.

चहा तसाच राहिला. अंबिकाच्या इंजिनातले, पिस्टन क्रँकला जोडणारे कनेक्टिंग रॉड त्याच्या डोळ्यांसमोर आले. प्रत्येक रॉडला खालून एक कॅप बसते, क्रँकला मिठी मारल्यासारखी. रॉडवर जो आकडा, तोच त्याच्या कॅपवर. याची कॅप त्याला चालत नाही. बदललेली कॅप दोन दिवस चालते, चार दिवस चालते, मग बेअरिंग जळतं आणि रॉड इंजिन फोडून बाहेर येतो. त्या चारांतल्या एका रॉडवर त्र्याऐंशी होते आणि दुसऱ्यावर अठ्ठ्याऐंशी. आणि क्रँक जड लागला होता.

त्यानं फोन लावला.

"अप्पा, गाडी लोण्यावानी चालून राहिली," अंबिका घाण्याच्या आवाजावर ओरडली.

"बंद कर."

"काहून? आवाज न्हाई, तापत न्हाई. हितं बाया करडई घेऊन बसल्यात."

"मी येतो. तवर बंद ठेव."

"झालंय काय ते तर सांगा!"

"एक नट बघायचाय," म्हणून त्यानं फोन ठेवला. नट ठरल्या जोरानं आवळायचा टॉर्क पाना, इंजिनाखालच्या ऑइल चेंबरचं नवं पॅकिंग आणि दोन साधे पाने पिशवीत टाकले आणि नीलम्माला काहीही न सांगता तो स्टँडवर गेला.

बसमध्ये त्याला बसवेना. इंजिनाजवळची जागा धरली, तर तो बसचंच इंजिन ऐकत राहिला. अहमदपूरला गाडी वीस मिनिटं थांबली. तो उतरला, बसभोवती दोन चकरा मारल्या, अंबिकाला फोन केला. उचलला नाही. म्हणजे घाणा चालू आहे. लोह्याच्या पुढे पुन्हा केला. रिंग वाजत राहिली. प्रत्येक न उचललेल्या फोनला त्याला रॉड फुटल्याचा आवाज यायचा. नांदेडला उतरला तेव्हा हदगावची बस नुकतीच गेली होती. तो काळी-पिवळी जीपमध्ये दाराला टेकून, एक पाय आत, एक बाहेर, असा निघाला.

चार वाजता तो त्या खेड्यात पोचला. मारुतीच्या देवळामागे गाडी उभी होती. इंजिन चालू होतं, घाणा फिरत होता आणि आठ-दहा बाया गोण्यांवर बसल्या होत्या. महादेवप्पानं आधी चावी फिरवली, मग राम राम घातला.

"आता तरी सांगा," अंबिका म्हणाली.

"चेंबर खोलायचंय."

"अप्पा, चार घरचं तेल राहिलंय!"

तो गाडीखाली शिरला होता. ऑइल गरम होतं. ते त्यानं घमेल्यात काढलं, चेंबरचे बोल्ट सोडले. हात बरोबर चालत होते. हात कधीच चुकत नव्हते. चेंबर खाली आलं, त्यानं चिंधीनं पहिली कॅप पुसली, चष्मा लावला, बॅटरी धरली. डोळ्यांपुढे नुसता धूर आला. डोकं मागे नेलं, पुढे आणलं. आकड्याच्या जागी कुणीतरी ओलं बोट फिरवल्यासारखं होतं. नखानं चाचपून पाहिलं. तीन होता की आठ, नखाला कळेना.

"अंबिका, खाली ये."

ती साडी खोचून, पाठीवर सरकत आत आली.

"काय लिहिलंय वाच."

"ह्याच्यावर? त्र्याऐंशी."

"वर, रॉडवर?"

"त्र्याऐंशी."

"नीट बघ."

"बघितलं की. त्र्याऐंशी."

"शेजारचा?"

"अठ्ठ्याऐंशी. वर बी अठ्ठ्याऐंशी."

उरलेले दोन्ही तिनं वाचले. तेही जुळत होते. "परत वाच," तो म्हणाला. तिनं परत वाचले. मग बॅटरी त्याच्या तोंडावर धरली.

"तुमाला दिसून न्हाई राहिलं का अप्पा?"

महादेवप्पा वरच्या क्रँककडे बघत राहिला. "उजव्यानं नुसता धूर दिसतो. डावा बरा होता. आता त्योबी चाललाय."

"कवापासून?"

"दिवाळीपासून."

अंबिका बाहेर सरकली. त्याला तिचे फक्त पाय दिसत होते. ते गाडीपासून दूर गेले, परत आले.

"माझं इंजिन बांधताना सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर बांधायला दिलं असतंस?"

"न्हाई," ती म्हणाली.

मग अंबिका खाली वाकली. "पण बसवलंय तर सगळं बरोबर."

"बरोबर हाय. मी बघून बसवलं म्हणून, का आपसूक बसलं, ते मला सांगता येत न्हाई. रस्ताभर वाटलं, बरोबर निघालं तर मोकळा होईन. न्हाई झालो."

तिनं टॉर्क पाना उचलला. "आकडा किती लावू?"

तिनं पान्यावर आकडा लावला, तो कॅपचे नट आवळत गेला. प्रत्येक नटाला तिनं पुन्हा पान्यावरचा आकडा वाचून दाखवला. पॅकिंग बसलं, चेंबर चढलं, गाळलेलं ऑइल परत गेलं. ऊन कलायच्या आत इंजिन सुरू झालं. बायांनी करडई ओतली. तेलाची धार पातेल्यात पडू लागली तेव्हा महादेवप्पा चाकाला टेकून, डोळे मिटून इंजिन ऐकत होता. कुठंही काही लागत नव्हतं. तरी त्याला शांत वाटेना.

अंबिकानं स्वतःच्या फोनवरून नीलम्माला लावून फोन त्याच्या हातात दिला. त्यानं डोळ्यांचं सांगितलं.

"सकाळी सील बघतानाच मला कळलं," नीलम्मा म्हणाली. "उद्या हितं येऊ नगा. लातूरला उतरा. मी तिथं येते. डोळ्याच्या डॉक्टरला दाखवू."

दुसऱ्या दिवशी लातुरात डॉक्टरनं दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. उजवा लई पिकलाय, म्हणाला, तो आधी काढू. सोमवारची तारीख मिळाली. नीलम्मानं ती दोनदा विचारून घेतली.

दवाखान्याबाहेर बाकावर बसून महादेवप्पा बोटांवर मोजत होता. दिवाळीपासून अंबिकाचं सोडून आणखी चार इंजिनं. सिद्रामप्पाचा ट्रॅक्टर. उदगीरच्या दूधवाल्याचा टेम्पो. औराद शहाजानीची दोन. त्यातल्या कुठल्या वेळी उजेड चांगला होता, कुठल्या वेळी नव्हता, ते काही केल्या आठवेना. नीलम्मा रसवंतीवरून दोन ग्लास घेऊन आली, तर हा फोन कानाला लावून उभा.

"सिद्रामप्पा? ट्रॅक्टर कुठं हाय? चालू असंल तर बंद करा. न्हाई, न्हाई, झालं काहीच न्हाई. मला एकदा खोलून बघायचंय. हाव, आजच. संगं माझी बायको येईल." त्यानं नीलम्माकडे पाहिलं. "आकडे ती वाचंल."